दिव्यांग अनुदान सुरू असताना काम स्वीकारायचे असेल तर

संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा मिळणारे पैसे बंद होतील, या एका धास्तीपायी चालून आलेले काम नाकारणारी दिव्यांग माणसे मी पाहिली आहेत. ही धास्ती बिनबुडाची नाही. पण हिशेब न मांडताच घेतलेला निर्णय पुढची अनेक वर्षे नुकसान करतो, म्हणून आधी कागद-पेन घेऊन बसावे.

महाराष्ट्रात ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ५०,००० रुपयांची मर्यादा आहे, आणि दिव्यांग लाभार्थ्यांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाले आहे. मर्यादा कुटुंबाची आहे, एकट्याची नाही, आणि चूक बहुधा इथेच होते. समजा, एक ताई घरी बसून ब्लाउजला हुक-काज करतात. एका नगाचे २० रुपये, दिवसाला आठ नग आणि महिन्याचे वीस दिवस काम धरले तर वर्षाचे ३८,४०० रुपये होतात. त्या एकट्या असतील तर मर्यादेत बसतात. पण नवऱ्याची शेतमजुरी वर्षाला १८,००० असेल तर बेरीज ५६,४०० होते आणि त्या मर्यादेबाहेर जातात. उत्पन्न वाढेल तसे अनुदान थोडे थोडे कमी होत जाण्याची सोय या योजनेत नाही. पात्रता संपली की सगळेच थांबते. म्हणून वर्षाच्या ३०,००० रुपयांच्या अनुदानापुढे नव्या कामाचे निव्वळ पैसे ठेवून पाहावेत, आणि त्यातून जाण्यायेण्याचा खर्चही वजा करावा. महिना ८,००० रुपयांची कायमची नोकरी असेल तर माझ्या मते ती निःशंक घ्यावी. हंगामी, दोन-तीन महिन्यांचे काम असेल तर मात्र वर्षाची बेरीज करूनच होकार द्यावा.

मिळकत लपवू नये. उत्पन्न लपवून घेतलेली रक्कम पुढे वसूल होऊ शकते, आणि एकदम मोठी रक्कम परत करणे गरीब घराला झेपत नाही. मर्यादा ओलांडली जाणार हे दिसताच तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत साध्या कागदावर अर्ज द्यावा, त्यात कामाची सुरुवात कोणत्या तारखेला झाली ते लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी. ही पोच मंजुरीच्या आदेशासोबत जपून ठेवावी.

अनुदान थांबले म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) रद्द होत नाही. ते उत्पन्नावर नव्हे, वैद्यकीय तपासणीवर दिलेले असते. एसटीच्या भाड्यातील ७५ टक्के सवलतही पगारामुळे जात नाही, आणि सरकारी नोकऱ्यांमधील ४ टक्के आरक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिलेले आहे. उलट, नोकरी लागल्यावर हेच प्रमाणपत्र पहिल्याच आठवड्यात कार्यालयात द्यावे: ४० टक्के दिव्यांगत्वावर राज्याचा व्यवसाय कर माफ होतो, तो पगारातून कापला जाऊ नये, आणि जिथे कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा) लागू आहे तिथे इतरांसाठी २१,००० असलेली वेतनमर्यादा दिव्यांग कामगारासाठी २५,००० रुपये आहे. पगार करपात्र असेल तर जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

पुढे काम सुटले तर अनुदानासाठी पुन्हा अर्ज करता येतो, पण उत्पन्नाचा दाखला मागील आर्थिक वर्षाच्या मिळकतीवर निघतो. फेब्रुवारीत नोकरी गेली तर एप्रिलनंतरच्या दाखल्यावरही वर्षभराचा पगार दिसेल आणि अर्ज अडेल. त्यासाठी पगार सुरू असतानाच काही महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला टाकत जावी, आणि काम सुटल्याच्या दिवशीच मालकाकडून तारखेसह तसे लेखी घ्यावे.