मॅक्रो फोटोवर नेमका अभिप्राय हवा असेल तर

चतुराचा किंवा कोळ्याचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेला, फोटो दाखवला की ‘मस्त!’ एवढंच ऐकू येतं. सुधारायचं काय, ते कळत नाही.

१. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला तर डोळ्यातले बारकावे जातात आणि समोरचा उगाच तुमच्या लेन्सला दोष देतो.
२. सोबत न कापलेली मूळ फ्रेम द्या. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), शटर स्पीड, फ्लॅश होता का, तेही लिहा.
३. प्रश्न एकच विचारा: ‘डोळा शार्प आहे का?’

अभिप्राय देणाऱ्याने आधी डोळाच १०० टक्के मोठा करून बघावा. डोळा धूसर, पण मागचा पाय किंवा पानाची कड स्पष्ट असेल, तर फोकस सरकलाय. अशा वेळी कॅमेरा किंचित पुढे-मागे करत सात-आठ फ्रेम घ्यायला सांगा. कुठेच काही स्पष्ट नसेल तर बहुधा हात किंवा किडा हललाय; फ्लॅश वापरायला सुचवा. नुसतं ‘शार्प नाही’ म्हटल्याने शिकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

एक जपा: ‘सगळं शार्प हवं तर एफ/२२ कर’, म्हणजे छिद्र अगदी लहान कर, असं सांगू नका. १:१ वर (किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढाच उमटतो तेव्हा) ते जवळपास एफ/४४ सारखं, म्हणजे आणखी लहान छिद्रासारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, अख्खा फोटो मऊ पडतो.