झबलं वर करा, पूर्ण मिनिट मोजा

करवीर तालुक्यात मी आशा म्हणून घरोघरी फिरते. ऊस तुटायला लागला, गुऱ्हाळं पेटली की दारादारात एकच प्रश्न असतो : "ताई, बाळाची छाती वाजतीय, निमोनिया झाला का ओ?"

नुसत्या वाजण्यावरून ठरत नाही. आधी श्वास मोजा. बाळ रडत असेल, अंगावर पीत असेल तर थांबा. झोपलेलं असेल तर उत्तम. झबलं बेंबीच्या वर सरकवा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतंय ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका. तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच पळतो, हिशेब चुकतो. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50 आणि पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरला, तर श्वास जलद आहे.

तेवढ्यातच बरगड्यांच्या खाली नजर ठेवा. श्वास आत घेताना तिथं खड्डा पडत असेल तर आकडा काहीही असो, दवाखाना गाठा.

आता आवाज ऐका. नाक चोंदल्याची घरघर नाकात सलाईनचे थेंब घातले की कमी होते. श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजत असेल तर श्वासनळ्या आवळल्यात. दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं आधी दोन-तीन दिवस नाक गळतं, मग ही शिट्टी सुरू होते. ते बहुतेक वेळा विषाणूचं दुखणं असतं, अँटिबायोटिकनं हटत नाही. थंडी पडली, धूर लागला की पुन्हा पुन्हा तेच होतं, रात्री खोकला उठतो, घरात कुणाला दमा आहे, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताप, जलद श्वास, कण्हणं आहे, पण शिट्टी नाही, तर निमोनियाचा संशय जास्त.

अवघड असतं ते शिट्टी आणि जलद श्वास दोन्ही असलेलं बाळ. गुऱ्हाळाशेजारच्या घरातलं चौदा महिन्यांचं पोर असंच. निमोनिया म्हणून दोनदा अँटिबायोटिक झालेलं. मी मोजला तेव्हा 54. दवाखान्यात नळ्या मोकळ्या करणारं औषध मशीननं दिलं, थोड्या वेळानं परत मोजला, 36. शिट्टीही गेली. असं दुसऱ्यांदा मोजायला डॉक्टरांना हक्कानं सांगा. औषधानंतरही श्वास जलदच राहिला तर निमोनिया धरूनच उपचार होतात.

ओव्याची धुरी मात्र देऊ नका, माझी हात जोडून विनंती आहे. आवळलेल्या नळ्यांना धूर आणखी आवळतो.

बाळ पीत नाही, सगळं ओकतंय, झटका आला, हलवूनही नीट जागं होत नाही, ओठ निळे पडलेत, तर मोजत बसू नका, 108 लावा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर जलद श्वास एवढंही पुरेसं आहे.

निघताना कागदावर लिहा : किती भरला, किती वाजता, झोपेत की जागेपणी.