डायलिसिस युनिटमधल्या या चुका टाळा

शिफ्ट बदलताना युनिटमध्ये झुंबड उडते. एक पेशंट सोडवायचा असतो, दुसरा वजनकाट्यावर उभा, तिसऱ्याचे नातेवाईक 'आमचा नंबर कधी?' म्हणून दारात. डायलिसिसमधले बरेचसे जंतुसंसर्ग याच घाईत शिरतात, असं माझं ठाम मत आहे. स्टाफ कमी आहे, मशीन जुनं आहे या सबबी खऱ्या असतील, पण हात धुवायला नवं मशीन लागत नाही.

कॅथेटरच्या (मोठ्या शिरेत घातलेल्या डायलिसिसच्या नळीच्या) हबपासून, म्हणजे मशीनला जोडायच्या तिच्या बाहेरच्या टोकापासून सुरू करते, कारण तिथला चालढकलपणा पाहून माझं डोकं फिरतं. कॅप काढली, स्वॅब एकदा फिरवला, लगेच सिरिंज जोडली. याला साफ करणं म्हणत नाहीत. आधी क्लॅम्प (नळीवरचा चिमटा) बंद आहे ना ते बघा, नाहीतर उघड्या हबमधून हवा थेट रक्तात जाऊ शकते. मग कॅप काढून अँटिसेप्टिक पॅडने हबचं तोंड, कडा आणि आटे १५ सेकंद चांगले घासा. प्रत्येक हबला वेगळा पॅड. आणि मग वाळू द्या! ओल्या हबवरच सिरिंज लावायची असेल तर घासण्याचे कष्ट तरी कशाला घेतले? फुंकर मारून वाळवणारे महाभागही पाहिलेत. मास्क हनुवटीवर आणि तोंडातले जंतू हबवर. मास्क तुम्हाला हवा तसा पेशंटलाही हवा, आणि त्याने मान दुसरीकडे वळवलेली बरी. मी १५ पर्यंत मोठ्याने मोजते. पेशंटना याची इतकी सवय झाली आहे की नवीन मुलाने दहालाच हात थांबवला तर तेच त्याला टोकतात.

दुसरी चूक याहून महागात पडते: 'डायलिसिसला हुडहुडी भरतेच.' नाही, भरत नाही. दुसऱ्या युनिटमधून आमच्याकडे एक काका आले होते, मानेत कॅथेटर. फाइलमध्ये ओळीने नोंदी होत्या: सुरू केल्यावर अर्ध्या-पाऊण तासात हुडहुडी, ब्लँकेट दिलं, अँटिअ‍ॅलर्जिक इंजेक्शन दिलं, डायलिसिस पूर्ण. घरी ताप नाही, म्हणून सगळे निर्धास्त. कॅथेटरच्या आतल्या बाजूला जंतूंचा थर बसला की पंप सुरू होताच ते रक्तात ढकलले जातात, म्हणून हुडहुडी नेमकी मशीनवरच भरते. पुढे काकांची कंबर धरली. 'खुर्चीत चार तास बसून दुखते' असं म्हणून तीही सोडून दिलेली. आमच्या डॉक्टरांनी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवलं, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निघाला. एमआरआयमध्ये संसर्ग मणक्यापर्यंत पोचलेला दिसला. कॅथेटर काढावा लागला आणि पुढे कित्येक आठवडे अँटिबायोटिक. कॅथेटरभोवतीची त्वचा मात्र शेवटपर्यंत स्वच्छ होती, ना लाली ना पू. त्यामुळे वरून चांगलं दिसतंय यावर विसंबू नका. हुडहुडी भरली की ताप मोजा, बीपी बघा, डॉक्टरांना लगेच कळवा आणि ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्या. आधी डोस देऊन मग कल्चर पाठवणाऱ्यांना रिपोर्ट निगेटिव्ह आल्याचं आश्चर्य का वाटतं, हे मला कळलेलं नाही. एकाच शिफ्टमध्ये दोघा-तिघांना हुडहुडी भरली, तर मात्र आरओचं (मशीनसाठी शुद्ध केलेलं) पाणी आणि डायलायझरच्या (रक्त गाळणाऱ्या फिल्टरच्या) पुनर्वापराकडे बघा.

फिस्टुलाचा (डायलिसिससाठी ऑपरेशनने धमनीला जोडलेल्या शिरेचा) हात पेशंटने खुर्चीत बसण्याआधी साबणाने धुवायचा. जंतुनाशक लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबायचं, आणि 'शीर कुठे गेली?' म्हणून त्याच जागी पुन्हा बोट फिरवायचं नाही. फिरवलं तर पुन्हा साफ करा. दुखत नाही म्हणून पेशंट एकाच जागी टोचायला सांगतात; ऐकू नका, तिथे फुगा येतो आणि कातडी पातळ होते.

मशीनचं बटण दाबलेल्या ग्लोव्हजने नीडलला हात लावू नका. ग्लोव्हज काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) भरलेल्या सिरिंज खिशात घेऊन फिरू नका. पेशंट खुर्चीत असताना खुर्ची पुसून घेणं म्हणजे वेळ वाचवणं नव्हे, फसवणूक आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावरही किमान ७ दिवस तग धरतो. त्याची लस डायलिसिसच्या पेशंटना वाढीव मात्रेत लागते, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत अँटिबॉडी तपासावी लागते. लस दिली एवढं लिहून फाइल मिटवू नका.

संसर्गाशी संबंध नसलेली, पण जिवावर बेतणारी एक चूक: नीडलचा हात ब्लँकेटखाली झाकणं. व्हीनस नीडल (रक्त शरीरात परत नेणारी सुई) निसटली तर मशीन ओरडेलच असं नाही, कारण नीडलच्या स्वतःच्या अडथळ्यामुळे दाब टिकून राहू शकतो. पंप मिनिटाला ३०० मिली वेगाने चालू असतो. हिशोब तुम्हीच करा. पेशंटला नुसतं गार वाटलं तर बाकीचं अंग झाका, हात उघडाच ठेवा. नीडल काढल्यावर बेल्ट करकचून बांधून पुढच्या पेशंटकडे पळू नका, फिस्टुला बंद पडतो. बोटाने हलका दाब द्या, १० ते १५ मिनिटं, मध्ये उचलून न बघता.

घरी जाताना पेशंटला दोन गोष्टी पुन्हा सांगा, कंटाळा आला तरी. कॅथेटरचं ड्रेसिंग भिजलं किंवा सुटलं तर घरी कापूस-पट्टी करत न बसता युनिटला यायचं. आणि रात्री थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री फोन करायचा, 'परवा डायलिसिस आहेच' म्हणून थांबायचं नाही.