चीनमध्ये जेवताना चव बिघडते कुठे? या चुका टाळा

युन्नान प्रांतात ग्वोछ्याओ मीश्येनचा, म्हणजे 'पूल ओलांडलेल्या' तांदळाच्या शेवयांचा, वाडगा समोर येतो, तेव्हा रश्श्यातून वाफ निघताना दिसत नाही. गार झालाय असं समजून घोट घेतला की जीभ पोळलीच. वर कोंबडीच्या चरबीचा थर असतो. तो वाफ कोंडून ठेवतो, म्हणून खालचा रस्सा खूप वेळ कढत राहतो. या शेवयांची सगळी करामत त्या थरात आहे, कारण सोबत ताटल्यांत आलेलं कच्चं मांस टेबलावरच शिजायचं असतं.

दुसरी चूक क्रमाची. भूक लागलेली असते, म्हणून आधी शेवया ओततात. त्यांनी रस्सा निवतो आणि मांस अर्धकच्चं राहतं. आधी लावीचं कच्चं अंडं आणि कागदासारखे पातळ मांसाचे काप घाला, चॉपस्टिकने हलकेच बुडवा आणि रंग पूर्ण बदलेपर्यंत थांबा. मग शिजवलेलं मांस, नंतर भाज्या आणि टोफूचे पापुद्रे, आणि शेवया सगळ्यात शेवटी. वाडगा मुळातच कोमट आला असेल तर कच्चं काहीही घालू नका, रस्सा बदलून मागा.

शीआनच्या यांगरौ पाओमोचं, म्हणजे मटणाच्या रश्श्यात कुस्करलेल्या पोळीचं, गणित वेगळं. तिथे रिकाम्या वाडग्यात घट्ट, जेमतेम आंबवलेल्या पिठाच्या पोळ्या येतात आणि त्या आपणच कुस्करायच्या असतात. मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करणाऱ्या हाताला हे काम सोपं वाटतं, आणि तिथेच घोटाळा होतो. आपण मोठे तुकडे करतो, पण ही पोळी भाकरीसारखी रस्सा पटकन ओढत नाही. तुकडा सोयाबीनच्या दाण्याएवढा हवा, नाहीतर आतून कोरडा राहतो. कुस्करून झालं की वाडगा परत स्वयंपाकघरात जातो आणि तुकडे रश्श्यात उकळले जातात. रस्सा किती हवा, हे त्याआधीच सांगा. परत आल्यावर ढवळू नका, कडेकडेने खा. ढवळलं की निवतं आणि लगदा होतो. सोबतचा गोडसर लोणच्याचा लसूण तोंड हलकं करण्यासाठी असतो, तो बाजूला सारू नका.

सिचुआन म्हणजे 'शेजवान' नव्हे

आपल्या गाड्यांवरच्या लाल शेजवान चटणीवरून छंगतू किंवा छोंगछिंगच्या तिखटाचा अंदाज बांधू नका. तिथली मा-ला चव दुहेरी आहे: 'ला' म्हणजे मिरचीचा जाळ आणि 'मा' म्हणजे हुआज्याओची झिणझिणी. हुआज्याओ हे आपल्या कोकणातल्या तिरफळाचंच भावंड, एकाच वनस्पतिकुळातलं. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ जसं आपण चावत नाही, तसाच हा दाणाही चावायचा नाही. लाजीजीच्या थाळीत मिरच्यांचा ढीग दिसतो, तो खाण्यासाठी नाही. त्यातून कोंबडीचे तुकडे शोधून काढायचे.

हॉटपॉटमध्ये, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात आपण जिन्नस शिजवतो त्या जेवणात, बैलाच्या चरबीचा लाल रस्सा पिणं ही मोठी चूक. तो शिजवण्याचं माध्यम आहे. पालेभाज्या त्यात टाकल्या तर तेल शोषून बसतात. मधे पडदा असलेलं दोन रश्श्यांचं भांडं मागा आणि भाज्या पांढऱ्या बाजूला शिजवा. जनावराच्या जठराचा पातळ काप उकळत्या रश्श्यात 10 ते 15 सेकंदच बुडवा-काढायचा असतो. जास्त ठेवलात तर रबर. डुकराचं मांस मात्र पुरतं शिजू द्या. तिळाचं तेल आणि चेचलेला लसूण यांची वाटी चवीसाठी तर असतेच, शिवाय घास थोडा निवतो. तोंड जळलं तर पाण्याने भागत नाही, मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही. सोयाचं दूध किंवा गुळाच्या पाकातली थंडगार जेली, पिंगफन, मागवा.

शांघायचं श्याओलोंगपाओ, म्हणजे मांसाच्या सारणाचा वाफवलेला, मोदकासारखा पदार्थ, एका घासात तोंडात टाकू नका. सारणात डुकराच्या कातडीपासून गोठवलेला रस्सा मिसळलेला असतो, वाफेवर तो पातळ होतो. वरच्या चुण्यांना धरून उचला, चमच्यात ठेवा, बाजूला लहान भोक पाडून रस्सा प्या, मग आलं आणि काळ्या व्हिनेगरसोबत खा. फोटो काढत बसलात तर आवरण चिकटतं आणि उचलताना फाटतं.

गोमांस, डुक्कर आणि 'शाकाहारी'

मराठी प्रवाशांची खरी अडचण बहुधा इथे होते. तीन शब्द पाठ करा: न्यूरौ म्हणजे गोमांस, जूरौ म्हणजे डुक्कर, यांगरौ म्हणजे बकऱ्या-मेंढ्याचं मांस. मेनूत नुसतं 'रौ' असेल तर ते बहुतेक डुकराचं असतं. लानचौच्या हाताने ओढलेल्या नूडल्सची दुकानं बहुधा हलाल असतात, पण रस्सा गोमांसाचा असतो.

'भाजी द्या' म्हणून शाकाहार मिळत नाही. मापो टोफूत खिमा असतो, परतलेल्या घेवड्यातही अनेकदा असतो, आणि साध्या पालेभाजीला डुकराची चरबी किंवा ऑयस्टर सॉस लागलेला असू शकतो. उलट 'माशाच्या चवीचं वांगं' या नावाच्या भाजीत मासा नसतो, खिमा आहे का ते मात्र विचारा. 'मी मांस, मासे, प्राण्यांची चरबी, ऑयस्टर सॉस खात नाही' हे वाक्य चिनी लिपीत मोबाइलवर तयार ठेवा. बौद्ध मठांजवळची शाकाहारी उपाहारगृहं सगळ्यात निर्धोक.

पेयं

बीजिंगमध्ये सकाळी दोउज्यांग आणि दोउजी यांत गल्लत करू नका. पहिलं सोयाचं दूध. दुसरं मुगाचा स्टार्च काढल्यावर उरलेलं, आंबवलेलं, करड्या-हिरव्या रंगाचं आंबट पेय. ते गरमच प्यायचं, कुरकुरीत तळलेली पिठाची कडी आणि खारवलेल्या भाजीसोबत. नुसतं प्यायलं तर पहिल्या घोटालाच नको होतं.

बायज्यू ही कडक चिनी दारू रिकाम्या पोटी नको. त्यात बहुधा 50 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणून पेले इवलेसे असतात. 'कानपेई' म्हणजे पेला रिकामा करायचा. ते झेपणार नसेल तर पहिल्या पेल्याआधीच सांगा, मधेच थांबणं अवघड जातं. वडीलधाऱ्यांच्या पेल्याला पेला लावताना आपला काठ खाली ठेवायचा.

लोंगचिंगसारख्या हिरव्या चहावर उकळतं पाणी ओतलं तर तो कडू होतो, 80 अंशांच्या आसपासचं पुरे. युन्नानच्या फूअरला मात्र उकळतंच पाणी लागतं आणि पहिलं पाणी ओतून टाकतात. क्वांगतुंगच्या चहाघरात किटली संपली तर हाका मारू नका, झाकण तिरकं ठेवा, भरून मिळेल.