डीजीची डिझेल टाकी: पावसाळ्याआधी एवढं करून घ्या

मुंबईत लाईट फारशी जात नाही आणि घोळ तिथेच आहे. डीजी, म्हणजे सोसायटीचा डिझेल जनरेटर, वर्षाकाठी चार-पाच तास चालतो, टाकीतलं डिझेल मात्र दोन-दोन वर्षं पडून राहतं. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड बसलं ना, तेव्हा आमच्या वडाळ्याच्या सोसायटीचा जनरेटर झोकात चालू झाला आणि दहाव्या मिनिटाला ढुस्स, एक काकू लिफ्टमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या. फिल्टर उघडला तर आत काळा गिळगिळीत गाळ. एएमसीवाला, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा कंत्राटदार, म्हणे डिझेलच खराब आलं होतं. अहो, आलं चांगलंच होतं, खराब आम्ही केलं.

कारण पाणी. टाकी व्हेंट पाइपमधून श्वास घेते, आपली दमट हवा आत जाते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब होतात आणि पाणी जड म्हणून तळाला बसतं. मग जिथे पाणी आणि डिझेल भेटतात तिथे जंतू वाढतात, तोच तो गाळ, आणि पत्रा आतून गंजतो ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम डिप, म्हणजे टाकीत रॉड बुडवून तळाला पाणी आहे का ते बघणं. सकाळी घ्यायचा, रात्रभर टाकी हललेली नसते तेव्हा. डिप रॉडच्या खालच्या दोन-तीन इंचांना वॉटर फाइंडिंग पेस्ट पातळ लावा, रॉड तळाला टेकवा, अर्धा मिनिट थांबा, वर काढा. पाणी असेल तेवढ्याच उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदललेला दिसतो, एकदम सरळ रेघ. ती किती मिलिमीटरवर आहे ते तारखेसकट वहीत लिहा. पाणी निघालं तर तळाचा ड्रेन कॉक हळू उघडा आणि पहिलं जे येईल ते काचेच्या बरणीत घ्या, लोणच्याची रिकामी चालते. दहा मिनिटं ठेवली की खाली पाणी, वर डिझेल, आणि मधे काळपट साय असली तर समजायचं की टाकी उघडून साफ करायची वेळ आलीय. ते काम माहीतगार माणसाचंच, वॉचमनला टाकीत उतरवू नका, आतल्या वाफेने माणूस जातो.

गाळ असला म्हणून सगळं डिझेल फेकायची गरज नसते, बऱ्याचदा फिल्टरिंग मशीन लावून तेच परत वापरता येतं. उरलेला गाळ मात्र गटारात नाही हां, आपलं गटार शेवटी खाडीलाच जातं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या आणि पावती घ्या.

बाकी पटापट सांगतो. व्हेंटची जाळी बघा, आमच्याकडे कबुतराच्या काड्या निघाल्या. टाकीच्या मॅनहोलच्या झाकणाचं गास्केट कडक झालं असेल तर बदला, पावसाचं पाणी तिथूनच शिरतं. टाकी नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेली ठेवा म्हणजे वर दमट हवेला जागा कमी, पण काठोकाठ नको, उन्हात डिझेल फुगतं. नवीन टाकी घेताना गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताची डिझेलशी रिअॅक्शन होऊन फिल्टर तुंबतात. आणि टाकीखालचा डाइक, म्हणजे गळलेलं डिझेल अडवणारा कठडा, कोरडा ठेवा, त्यात पाणी साचलेलं असेल तर गळती कळतच नाही. जॉइंटमधून सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला लिटर-दोन लिटर जातं, पैसे मोजा आता.

कायद्याचं पण बघून घ्या. डिझेल एका जागी 2500 लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं 1000 लिटरच्या वर नाही, तर पेट्रोलियम अॅक्टखाली लायसन्स लागत नाही. त्याच्या वर गेलात की पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्राचं खातं, त्यांचं लायसन्स.

आणि महिन्यातून एकदा डीजी लोडवर अर्धा तास चालवा, नुसता रिकामा नाही. लिफ्ट, पंप जोडून. आवाजाची तक्रार येणारच, आमच्याकडे दर महिन्याला तिसऱ्या मजल्यावरून येते, आम्ही रविवारची वेळ बोर्डावर आधीच लिहून टाकतो.

हो, पेस्टची ट्यूब केबिनमध्ये उघडी ठेवू नका. आमची एक बुटाला पॉलिश म्हणून संपली.