मुंबई–लंडन विमानप्रवासाचा खरा वेळ कसा काढावा?
मुंबई ते लंडन हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मात्र प्रवासाचा कालावधी तिकिटावरील दोन वेळांच्या नुसत्या वजाबाकीने काढू नये, कारण त्या वेळा आपापल्या शहराच्या स्थानिक असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, एरवी साडेपाच; म्हणून जुलैत दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ६.३० वाजता पोहोचणारे विमान प्रत्यक्षात दहा तासांचा प्रवास करते. परतताना उंचावरील पश्चिमी वारे पाठीमागून रेटत असल्याने वेळ सहसा कमी लागतो. वयस्कर आई-वडील एकटे जाणार असतील, तर त्यांच्या औषधांच्या वेळा याच हिशेबाने कागदावर लिहून द्याव्यात.