कांजिण्या झाल्यावर कामावर कधी परतावे?

कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या १-२ दिवस आधीच सुरू होतो आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत टिकतो; म्हणून ताप उतरला, अंगात तरतरी आली, एवढ्यावरच कामावर जाण्याचे ठरवू नये. रोज उजेडात पाठ, काखा आणि केसांखालची त्वचा घरच्या माणसाकडून तपासून घ्यावी, कारण पाण्याने भरलेला एखादा फोड नेमका तिथे नजरेतून सुटतो. नवे फोड थांबून सर्वांवर कोरड्या खपल्या धरल्या, की जाण्यास हरकत नाही. खपल्या गळल्यावर उरणाऱ्या डागांतून संसर्ग होत नाही, त्यामुळे त्यांची भीती बाळगू नये. शेजारी बसणाऱ्या सहकारी गरोदर असतील, तर कांजिण्या झाल्याचे कळेल त्याच दिवशी संकोच न करता त्यांना कळवावे. राज्य कामगार विमा योजनेच्या अटींत बसणाऱ्यांना वैद्यकीय प्रमाणपत्रावर आजारपणात ७० टक्के वेतन मिळते.